कुत्र्याचा कोरडा शिधा

कुत्र्याने कोरडी पोळी पळविली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. भूतमात्रात ईश्वर पाहण्याची दृष्टी हा तिचा खरा आशय. पण त्या कथेतून एक साधा व्यावहारिक बोधही निघतो. मुक्या प्राण्याच्या पुढ्यात काहीतरी टाकले म्हणजे त्याला जेवू घातले असे होत नाही. त्याला जे हवे ते त्या अन्नात असावे लागते. गोग्रास आणि काकबली यांच्याबरोबर श्वानासाठीही घास काढून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. परंतु तो घास बहुधा घरच्या अन्नातला, उरलेला किंवा बाजूला काढलेला असे. गावचा कुत्रा उरलेले पोट बाहेर हिंडून भरून घेई.

शहरातील बंद घरात राहणाऱ्या कुत्र्याला ती सोय नाही. मालक ताटलीत जे घालील तेच त्याचे संपूर्ण अन्न. त्यामुळे पुण्यापासून इंदूरपर्यंत आणि बडोद्यापासून बंगळूरपर्यंत, हजारो कुटुंबांच्या मासिक यादीत आता तांदूळ, डाळ, तेल यांच्या जोडीला कुत्र्याच्या कोरड्या खाद्याची पिशवी येऊन बसली आहे. दुकानात या पिशव्यांची रांग लागलेली असते. एकीचा भाव दुसरीच्या तिप्पट-चौपट असतो. चित्रे मात्र सर्वांवर सारखीच तजेलदार. ज्या घरात महिन्याचा खर्च मोजूनमापून करावा लागतो, त्या घरातील माणसाला अशा वेळी दोन बाजूंनी चिमटा बसतो. स्वस्त घ्यावे तर जनावराची हेळसांड होते की काय ही रुखरुख, आणि महाग घ्यावे तर घरातले दुसरे काहीतरी मागे पडते. हा पेच पुष्कळ अंशी सुटण्याजोगा आहे. मात्र त्यासाठी पिशवीचे चित्र बाजूला ठेवून तिची पाठ वाचावी लागते.

प्रथम हे खाद्य आले कोठून, ते पाहू. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकी गृहस्थाने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटे काढली. बंदरावरची कुत्री जहाजावरील टणक बिस्किटांचे टाकलेले तुकडे आवडीने खाताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. गव्हाचे पीठ, भाज्या, बीट आणि मांस यांची ती बिस्किटे महाग होती. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे शिकारी कुत्री बाळगणारे श्रीमंत लोक. पुढे डबाबंद मांसाचा जमाना आला. दुसऱ्या महायुद्धात डब्यासाठी लागणारा कथील आणि मांस या दोहोंची टंचाई झाली, आणि कोरड्या खाद्याला पुन्हा महत्त्व आले. १९५७ साली अमेरिकेत न्याहारीच्या धान्यपदार्थांसाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रातून कुत्र्याचे फुगीर दाणे काढले जाऊ लागले. आज दुकानात मिळणारे बहुतेक कोरडे खाद्य त्याच पद्धतीने तयार होते.

ही पद्धत समजली की किंमतीचे रहस्यही थोडे उलगडते. मका, तांदूळ, गहू यांपैकी एखादे धान्य दळतात. त्यात मांसाची किंवा कोंबडीची वाळवलेली भुकटी, सोयाबीनची पेंड, खनिजे आणि जीवनसत्त्वे मिसळतात. वाफ आणि पाणी देऊन हे पीठ एका नळकांड्यात मळसूत्री दांड्याने दाबत पुढे ढकलतात. दाबाखाली त्याचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जाते आणि धान्यातील पिष्ट शिजते. छिद्रातून बाहेर पडताच दाब एकदम कमी होतो, दाणा फुगतो, आणि फिरते पाते त्याचे तुकडे करते. ते वाळवून त्यांतील ओल शेकडा दहाच्या आसपास आणतात. शेवटी दाण्यावर चरबी आणि चव आणणारा रस फवारतात. म्हणजे नामदेवांचे तूप येथेही सर्वांत शेवटीच येते! या सर्व कृतीत स्वस्त पिशवी आणि महाग पिशवी यांचा मार्ग एकच आहे. भेद असतो तो प्रथिन कोणत्या पदार्थापासून घेतले, चरबी किती घातली, कच्च्या मालाची तपासणी किती कसून केली यांत. आणि पुष्कळदा जाहिरातीवर किती खर्च झाला, यातही.

आता कुत्र्याला खरोखर लागते काय? कुत्रा मांसाहारी वंशातला खरा, पण लांडग्याइतका केवळ मांसावर अवलंबून नाही. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे काढल्याचा परिणाम त्याच्या रक्ताबीजापर्यंत पोचला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की पिष्ट पचविणारे अमायलेज निर्माण करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळतात. तेव्हा धान्य म्हणजे कुत्र्याच्या पोटात घातलेली भेसळ, ही समजूत निराधार आहे. नीट शिजविलेले धान्य त्याला पचते आणि बळही देते.

परंतु नुसते धान्य पुरत नाही. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रकांच्या संघटनेने घातलेली किमान मर्यादा जगभर आधारभूत मानली जाते. ओल वगळून मोजले असता प्रौढ कुत्र्याच्या अन्नात प्रथिने शेकडा १८ आणि स्निग्ध पदार्थ शेकडा ५.५ तरी असावेत. वाढत्या पिलासाठी आणि गाभण किंवा पाजणाऱ्या कुत्रीसाठी हेच आकडे २२.५ आणि ८.५ आहेत. याशिवाय कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, तांबे आणि जीवनसत्त्वे यांची ठरावीक प्रमाणे आहेत. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोनेही पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी मानक तयार केले आहे. पिशवी या किमान मर्यादा गाठते की नाही, हा पहिला प्रश्न. ती मर्यादेच्या किती वर जाते, हा त्यानंतरचा.

पिशवीच्या पाठीवर सर्वप्रथम ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द शोधावेत. त्यांचा अर्थ असा, की हे खाद्य एकटेच रोजचे संपूर्ण अन्न म्हणून देता येते. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ असे लिहिले असेल, तर ती वस्तू तोंडीलावणे समजावी. तिच्यावर कुत्रा जगवू नये. त्याच ओळीत हे अन्न प्रौढासाठी आहे की पिलासाठी, हेही लिहिलेले असते. प्रौढाची स्वस्त पिशवी पिलाला घालणे ही काटकसर नव्हे. त्याची भरपाई पुढे कमकुवत हाडांच्या रूपाने करावी लागते.

नंतर येते घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. येथे एक मेख आहे. ताज्या कोंबडीत सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते, आणि वजन पाण्यासकट धरलेले असते. म्हणून ‘ताजी कोंबडी’ यादीत पहिली दिसली, तरी वाळल्यावर तिचा वाटा बराच खाली सरकतो. उलट ‘चिकन मील’ म्हणजे कोंबडीची वाळवलेली भुकटी दिसायला गौण असली तरी वजनाच्या मानाने तिच्यात प्रथिन पुष्कळ असते. ‘बाय-प्रॉडक्ट’ या शब्दाचेही अकारण भय बाळगले जाते. काळीज, फुप्फुस, प्लीहा हे अवयव माणूस फारसे खात नाही म्हणून ते स्वस्त. कुत्र्याला ते पौष्टिकच आहेत. मात्र हे अवयव कोणत्या प्राण्याचे, याचा उल्लेख असलेली पिशवी नुसते ‘मीट’ असे मोघम लिहिणाऱ्या पिशवीपेक्षा अधिक विश्वासार्ह मानावी.

तिसरी गोष्ट आकड्यांच्या कोष्टकाची. त्यात क्रूड प्रोटीन, क्रूड फॅट, क्रूड फायबर आणि मॉइश्चर, म्हणजे प्रथिने, स्निग्ध पदार्थ, चोथा आणि ओल यांचे शेकडा प्रमाण छापलेले असते. काटकसरी गृहस्थाला खरा उपयोग या चार आकड्यांचा आहे, कारण त्यांवरून उष्मांक काढता येतात. या चारांची बेरीज करून तीत खनिजांच्या राखेसाठी सुमारे ८ मिळवावेत. ही बेरीज शंभरातून वजा केली की पिष्टमय भाग मिळतो. मग प्रथिनांना ३.५ ने, स्निग्ध पदार्थांना ८.५ ने आणि पिष्टाला ३.५ ने गुणून बेरीज केली, की शंभर ग्रॅम खाद्यातील उष्मांक अंदाजाने हाती येतात. काही पिशव्यांवर हा आकडा छापलेलाच असतो. तेथे गणित करण्याचे कारण नाही.

कुत्र्याची गरज काढण्याचीही एक रीत पशुवैद्यांत रूढ आहे. वजनाचे किलो तीन वेळा एकमेकांशी गुणावेत, आलेल्या संख्येचे दोनदा वर्गमूळ काढावे आणि त्याला ७० ने गुणावे. हे झाले स्वस्थ पडून असतानाचे उष्मांक. साधे हिंडणे-फिरणे असलेल्या प्रौढ कुत्र्यासाठी याची १.६ ते १.८ पट करावी. नसबंदी झालेल्याला खालचा आकडा लागू पडतो. पंधरा किलोच्या देशी कुत्र्याची मूळ गरज या हिशेबाने ५३३ उष्मांक येते आणि रोजची गरज ८५० ते ९६० च्या दरम्यान. तीस किलोच्या कुत्र्याची गरज याच्या दुप्पट नसून पावणेदोन पटीहूनही किंचित कमी भरते. मोठा कुत्रा आहे म्हणून वजनाच्या प्रमाणात ताटली भरणे, ही तेथेच चूक ठरते.

आता दोन काल्पनिक पिशव्या शेजारी ठेवून पाहू. पहिलीत प्रथिने १८, स्निग्ध पदार्थ ६, चोथा ५ आणि ओल १२ टक्के; भाव किलोला २०० रुपये. दुसरीत प्रथिने २४, स्निग्ध पदार्थ १४, चोथा ३ आणि ओल १० टक्के; भाव २३० रुपये. वरील रीतीने पहिलीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे २९२ उष्मांक निघतात आणि दुसरीत सुमारे ३४६. रोज ९०० उष्मांक हवे असतील, तर पहिलीतले ३०८ ग्रॅम लागतील आणि दुसरीतले २६० ग्रॅम. रोजचा खर्च पहिलीचा साडेएकसष्ट रुपयांच्या आसपास आणि दुसरीचा साठाच्या आत. किलोमागे तीस रुपयांनी महाग दिसणारी पिशवी प्रत्यक्षात थोडी स्वस्तच पडली. शिवाय प्रथिने अधिक मिळाली आणि मळाचे प्रमाण कमी झाले. अर्थात दुसरीचा भाव ३०० रुपये असता, तर हिशेब उलटला असता. तात्पर्य, भाव किलोचा न पाहता दिवसाचा पाहावा.

पैसे कोठे वाचवावेत, हेही सांगितले पाहिजे. लाल, हिरवे, पिवळे दाणे कुत्र्यासाठी रंगविलेले नसतात. कुत्र्याला लाल आणि हिरवा यांतला भेद फारसा कळत नाही. तो रंग गिऱ्हाइकासाठी असतो. ‘धान्यविरहित’ म्हणून जादा दाम घेणाऱ्या खाद्याचीही सामान्य कुत्र्याला गरज नाही. उलट २०१८ साली अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने अशा खाद्याचा, विशेषतः वाटाणे व मसूर यांचे प्रमाण फार असलेल्या खाद्याचा, हृदयविकाराशी संबंध आहे काय याची चौकशी सुरू केली होती. कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही हे खरे. पण धान्य वगळले म्हणजे अन्न श्रेष्ठ झाले, याला मात्र आधार उरला नाही. जीवनसत्त्व ‘क’ घातल्याचा गाजावाजाही असाच. निरोगी कुत्र्याचे यकृत ते स्वतःच तयार करते.

याच्या उलट, जेथे पैसे वाचविणे महाग पडते अशाही जागा आहेत. कोष्टकातील प्रथिनांचा आकडा प्रत्यक्ष प्रथिने मोजून येत नाही. नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणून तो काढतात. या पळवाटेचा भयंकर उपयोग २००७ साली उघडकीस आला. चीनमधून अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या प्रथिनात नत्राने भरलेले मेलामाइन हे रसायन मिसळलेले होते. कागदावर प्रथिने भरपूर दिसत होती, आणि ते खाद्य खाणाऱ्या कुत्र्यामांजरांची मूत्रपिंडे निकामी होत होती. त्यापूर्वी २००५ च्या अखेरीस अमेरिकेतच बुरशी लागलेल्या मक्यापासून केलेल्या खाद्याने शंभराहून अधिक कुत्री दगावली. मक्यावर आणि भुईमुगावर येणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताचा नाश करते, आणि कारखान्यातील उष्णतेनेही ते पुरते नष्ट होत नाही. म्हणून ज्या पिशवीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, तुकडीचा क्रमांक आणि तारीख नाही, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

याच कारणाने सुटे खाद्य घेण्याचा मोह टाळावा. दुकानदार मोठे पोते फोडून त्यातून किलो-दोन किलो तोलून देतो. भाव कमी पडतो, गरजेपुरते घेता येते. पण ते पोते कधी फुटले, कोणत्या तुकडीचे होते, त्याला किती ओल लागली, हे कळण्यास मार्ग नसतो. हवा लागताच दाण्यावरची चरबी खवट होऊ लागते. कोकणातल्या किंवा कोलकात्याच्या पावसाळी हवेत दाण्यांना बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि उत्तरेकडील मे महिन्याच्या उष्म्यात चरबी अधिकच लवकर बिघडते. मोठी पिशवी किलोमागे स्वस्त पडते, परंतु फोडल्यापासून महिना-सव्वा महिन्यात संपेल एवढीच घ्यावी. दाणे डब्यात ओतण्यापेक्षा पिशवीच तोंड घट्ट गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावी. वास बदललेला किंवा जाळी धरलेला माल फेकून द्यावा. तो रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही घालू नये. विष भटक्या कुत्र्याला वेगळे लागत नाही.

सर्वांत मोठी बचत मात्र पिशवीत नसून मापात आहे. लॅब्रॅडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांवर अमेरिकेत आयुष्यभर चाललेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेताच्या पिलांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न दिले. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुष्य १३ वर्षे भरले, दुसऱ्यांचे ११.२. सांध्यांचे दुखणेही सडपातळ कुत्र्यांना उशिरा जडले. पावणेदोन वर्षांहून अधिक आयुष्य, तेही कमी खर्चात! म्हणून अंदाजाने मूठभर टाकण्याऐवजी एकदा तराजूवर तोलून वाटीचे माप ठरवावे. बरगड्या डोळ्यांना टोचू नयेत, पण हात फिरवताच बोटांना लागाव्यात. वरून पाहता कंबर दिसावी. याहून चांगली कसोटी नाही.

घरच्या अन्नाचा प्रश्न राहतो. केवळ दूध-भाकरी किंवा वरण-भात यांवर ठेवलेला कुत्रा जगतो, पण त्याला प्रथिने, कॅल्शियम आणि जस्त अपुरे पडण्याचा संभव असतो. पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दूध पचतही नाही. शिजविलेले अंडे, बिनमिठाचे उकडलेले मांस, थोडे दही किंवा भोपळा कोरड्या खाद्यात घालण्यास हरकत नाही. मात्र ही भर एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्यापुरती असावी आणि तेवढे दाणे कमी करावेत. नाहीतर पिशवीतला समतोल बिघडतो. शाकाहारी घरात कुत्र्याला संतुलित शाकाहारी खाद्यावर ठेवता येते. मांजराला तसे ठेवू नये. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली गोडी ही कुत्र्याला विषासमान आहेत. फोडणीच्या अन्नात त्यांपैकी पहिली दोन हटकून असतात. मोठ्या जातीच्या पिलाला संतुलित खाद्यावर वरून कॅल्शियमच्या गोळ्या घालणे हाही अपायच. त्याने हाडे बळकट न होता वाकडी वाढतात.

खाद्य बदलायचे तर एका दिवसात बदलू नये. जुन्यात नवे थोडे थोडे वाढवीत आठवडा-दहा दिवसांनी पूर्ण बदल करावा. पुढील दीड-दोन महिने मळ बांधून होतो काय, कातडीवर खाज किंवा कोंडा नाही ना, केस तुकतुकीत राहतात काय आणि वजन स्थिर आहे काय, एवढे पाहावे. या चारही गोष्टी ठीक असतील, तर ती पिशवी त्या कुत्र्याला मानवली. मग शेजाऱ्याचा कुत्रा तिप्पट भावाचे खातो याची खंत करण्याचे कारण नाही. मूत्रपिंड, यकृत किंवा मधुमेह यांचा विकार असेल, तर मात्र निवड पशुवैद्याच्या सल्ल्यानेच झाली पाहिजे.

कुत्र्याला भाव कळत नाही. रोज ठरल्या वेळी, ठरल्या मापाने, त्याला पचेल आणि पुरेल असे ताजे अन्न आणि शेजारी स्वच्छ पाण्याची वाटी, एवढेच त्याचे मागणे. ते पुरविण्यासाठी श्रीमंती लागत नाही. वाचण्याची सवय, थोडे गणित आणि रोजची देखरेख लागते. ज्या घरात ही तीन आहेत, तेथील कुत्रा मध्यम भावाच्या पिशवीवरही सुखाने म्हातारा होतो.